गाठीचा टाका बावड्याला कसा आला

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या बावड्यात माझ्या आजीच्या पिढीला सुई चांगली येत होती, पण ती गोधडीपुरती. जुन्या लुगड्यांचे थर घालायचे आणि कडेपासून धावदोरा घालत चौकोनाचौकोनाने आत जायचं. शोभा असायची ती लुगड्यांच्या रंगांची. टाक्याने थर धरून ठेवायचे, एवढंच त्याचं काम. ज्या टाक्याने काहीच जोडलं जात नाही, नुसती मोहरीएवढी गाठ कापडावर बसते, तो आम्हा नीराकाठच्या बायकांकडे बाहेरून आला. मी गावातल्या मुलींना भरतकाम शिकवते. त्या त्याला फ्रेंच नॉट म्हणतात.

फ्रेंच म्हणा हवं तर, पण चीनमध्ये रेशमावर अशाच गाठी फार पूर्वीपासून भरल्या जात होत्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात आणि परतताना चहा-रेशमाबरोबर भरलेली वस्त्रं आणत. त्यातून पारशी गारा साडी घडली. गाऱ्यावरचा सर्वांत नाजूक टाका म्हणजे ‘खाखा’: बारीक गाठी एकमेकींना खेटून बसवून अख्खा पक्षी भरायचा. या टाक्याने कारागिरांचे डोळे जात म्हणून चीनच्या बादशहाने त्यावर बंदी घातली, अशी कथा सांगतात. ती दंतकथाच, माल विकणाऱ्यांच्या मात्र फार उपयोगाची.

गारा काही इंदापूर तालुक्यात पोचला नाही. आमच्याकडे भरतकाम आलं ते पुण्याच्या बाजूने, शिक्षणाचा हात धरून. शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुली आणि विधवांना मुक्तिसदनात आसरा दिला. तिथे त्यांना लिहिण्या-वाचण्याबरोबर विणणं, शिवणं, भरतकाम शिकवलं जाई. पुण्यात रमाबाई रानड्यांनी 1909 साली सेवासदन काढलं. तिथेही शिवणाचे वर्ग होते. तिकडे युरोपात 1886 मध्ये तेरेझ द दिलमाँ या बाईंनी हातकामाचा जाडजूड कोश छापला, त्यामागे डीएमसी ही दोरा बनवणारी कंपनी होती. टाके शिकवले की दोरा खपतो, हे त्या कंपनीने बरोबर ओळखलं होतं.

खेड्यातल्या शाळेत हा टाका रुजला तो कोठारी आयोगानंतर. आयोगाने 1966 साली कार्यानुभवाची शिफारस केली आणि पुढे बऱ्याच शाळांत मुलींच्या वाट्याला शिवण आलं. धावदोरा, साखळी, काजटाका, हेरिंगबोन, लेझी डेझी आणि शेवटी गाठ, असे नमुने वहीत चिकटवायचे. पण शाळेत शिकलेलं घरी करायला रिकामा वेळही लागतो. 1885 साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला आमचा तालुका. पाणी आलं, ऊस आला, आणि ज्यांच्या घरी ऊस होता त्यांच्या लेकींना दुपारी रिंग घेऊन बसता आलं. ऊस तोडायला येणाऱ्या बायकांच्या पोरींना ही चैन कुठली? भरतकामाचं कौतुक करताना हे आपण विसरतो.

आता टाका. सुई खालून वर काढा. दोरा डाव्या हाताने ताणून धरा आणि सुईवर त्याचे एक किंवा दोन वेढे घ्या. मग सुई त्याच भोकात घालू नका, दोन धागे सोडून शेजारी टोचा. त्याच भोकात गेली तर गाठ कापडाच्या पलीकडे निघून जाते. वेढे कापडाला टेकेपर्यंत दोरा सोडायचा नाही. गाठ मोठी हवी असेल तर वेढे वाढवू नका, लडीतले पदर वाढवा. सहापैकी दोन पदर घेतले की नाजूक परागकण, सहाही घेतले की ठसठशीत. बुलियन हा याचाच थोरला भाऊ. त्यात सुईवर दहा-बारा वेढे घेतात, म्हणून नेढं बारीक असलेली लांब सुई घ्यावी. जाड नेढ्याची सुई वेढ्यांत अडकते आणि मुली रडकुंडीला येतात.

बुलियनचे गुलाब बाळंतविड्यातल्या कुंचीवर आणि दुपट्यावर, तर गाठी रुखवतातल्या अभ्र्यांवर आणि टेबलक्लॉथवर. दोऱ्याच्या लड्या नदीपलीकडच्या अकलूजहून यायच्या. आता रुखवत विकत मिळतं, आणि ही गाठ पैठणीच्या ब्लाउजवर आरी वर्कच्या शेजारी जाऊन बसली आहे. तिथे निदान तिचे पैसे मिळतात, हे मला रुखवतापेक्षा बरं वाटतं.

त्या जुन्या अभ्र्यांवर बहुधा करणारीचं नाव नसतं. तुमच्या घरात असा एखादा असेल तर तो पुसायला काढण्याआधी आईला, आत्याला विचारा, आणि कोणी, कुठल्या गावी, कोणत्या साली भरला ते पट्टीवर लिहून कापडाच्या मागे टाचून ठेवा.