कळफलकावर मावेल एवढे संगीत

गाणे लिहिता येते का, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षे जुना आहे. विष्णु दिगंबर पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे या दोघांनी आपापल्या स्वरलिपी सिद्ध केल्या, तेव्हापासून त्यावर दोन पक्ष पडलेले आहेत. लिहिले म्हणून बंदिशी वाचल्या, असे एक पक्ष म्हणतो. लिहिला तो केवळ सांगाडा, गाणे गुरूच्या गळ्यातच राहिले, असे दुसरा म्हणतो. या वादाचा निकाल लावण्याचा आमचा हेतू नाही. हाच प्रश्न एका दूरच्या परंपरेत कसा सुटला, किंवा सुटला नाही, ते आम्हाला पाहायचे आहे. आयर्लंडच्या नृत्यसंगीतात कानाकडून कागदाकडे, कागदाकडून संगणकाच्या कळफलकाकडे, तेथून आंतरजालाकडे आणि शेवटी यंत्राकडे असा सगळा प्रवास एकाच धाग्यात पाहायला मिळतो. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते, कारण मुळात हा प्रश्न संहितेचा आहे.

आरंभ एका पोलीस अधिकाऱ्यापासून करावा लागतो. फ्रान्सिस ओ'नील यांचा जन्म १८४८ साली, आयर्लंडमधल्या महादुष्काळाच्या काळात, कॉर्क परगण्यात झाला. पोरवयातच ते जहाजावर चढले आणि पुढे अमेरिकेत शिकागोला स्थायिक झाले. तेथे पोलिसांत भरती होऊन १९०१ ते १९०५ या काळात ते शहराचे पोलीसप्रमुख होते. शिकागोत आयर्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतून आलेले हजारो लोक राहत होते आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या गावच्या धुना आल्या होत्या. मायदेशी जे वादक एकमेकांना कधी भेटले नसते, ते येथे शेजारी होते. ओ'नील स्वतः बासरी वाजवत, धुना त्यांच्या स्मरणात पक्क्या बसत, पण स्वरलेखन त्यांना येत नसे. त्यांच्याच दलातले जेम्स ओ'नील हे व्हायोलिनवादक ते काम करीत. एकाने गुणगुणायचे, दुसऱ्याने लिहायचे. या जोडीच्या उद्योगातून १९०३ साली १८५० धुनांचा संग्रह निघाला आणि १९०७ साली केवळ नृत्याच्या १००१ धुनांचा दुसरा. हा दुसरा ग्रंथ पुढे आयरिश वादकांच्या पिढ्यांना प्रमाणग्रंथासारखा झाला.

येथे भातखंड्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले भातखंडे पेशाने वकील होते. ओ'नीलप्रमाणेच त्यांचाही चरितार्थ संगीतावर अवलंबून नव्हता, आणि कदाचित म्हणूनच घराण्यांनी जपून ठेवलेल्या चिजा मिळवून, लिहून, सर्वांसाठी छापण्याची कल्पना त्यांना सुचली असावी. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग हे त्याचे फळ. दोघांची भेट झालेली नाही, एकमेकांची नावेही त्यांनी ऐकली असण्याचे कारण नाही. पण दोघांचे निधन एकाच वर्षी, १९३६ साली झाले, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या काळात मौखिक परंपरा शहरांत येऊन विखरू लागल्या, त्याच काळात त्यांना कागदावर बांधणारी माणसे जगाच्या दोन टोकांना उभी राहिली.

ओ'नील यांच्या ग्रंथातली धून कशी असते? 'जिग' नावाच्या नृत्यप्रकाराचे उदाहरण घेऊ. तिचे साधारणतः दोन खंड असतात. प्रत्येक खंडात आठ विभाग, प्रत्येक विभागात सहा अर्धमात्रा, आणि प्रत्येक खंड दोनदा वाजवायचा. म्हणजे एका धुनेत लिहिण्यासारखे स्वर जास्तीत जास्त शंभराच्या आसपास. पण वादक ती वाजवतो तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत काही स्वर बदलतो, काही ठिकाणी स्वराभोवती झटकन गिरकी घेतो, कोठे श्वासासाठी एखादा स्वर गाळतो. लय कागदावर समान दिसते. प्रत्यक्षात ती किंचित झुकलेली असते, आणि तो झुकाव परगण्यापरगण्यांत निराळा असतो. यातले जवळजवळ काहीच छापले गेले नाही. ज्याने ते संगीत ऐकले आहे त्याला पुस्तक पुरते. ज्याने ऐकलेले नाही त्याच्या हाती शंभर स्वर लागतात, एवढेच.

आता पुढचा टप्पा. १९८०च्या दशकात ख्रिस वॉल्शॉ नावाचा एक इंग्रज लोकसंगीतप्रेमी, रीतसर स्वरलेखन शिकण्याआधी, ऐकलेल्या धुनांचे तुकडे साध्या रोमन अक्षरांत टिपून ठेवीत असे. ज्या स्वराचे नाव 'ए' तो 'ए' लिहायचा, इतकी साधी पद्धत. पुढे संगणकावर पाच रेषांचे सुबक स्वरलेखन छापण्यासाठी त्याने 'टेक' या मुद्रणप्रणालीवर आधारलेली साधने वापरली. त्यांच्या आज्ञा लिहिणे इतके कंटाळवाणे होते, की आपल्या जुन्या अक्षरी टिपणांवरून त्या आज्ञा आपोआप तयार करणारी एक छोटी आज्ञावली त्याने लिहिली. ती १९९३ साली इतरांच्या हाती आली. त्या टिपणपद्धतीला 'एबीसी' असे नाव पडले. कंटाळा टाळण्यासाठी झालेल्या शोधांची एक वेगळी यादी करता येईल. तिच्यात हा शोध बराच वर बसेल.

या पद्धतीची रचना पाहण्यासारखी आहे. धुनेच्या डोक्यावर काही ओळी असतात आणि प्रत्येक ओळ एका अक्षराने सुरू होते: 'एक्स'पुढे क्रमांक, 'टी'पुढे धुनेचे नाव, 'एम'पुढे तालमान, 'एल'पुढे स्वराची मूळ लांबी आणि शेवटी 'के'पुढे स्वरग्राम. त्याखाली धून. मधल्या सप्तकातले स्वर मोठ्या अक्षरांत, वरच्या सप्तकातले लहान अक्षरांत. त्याहून खाली जायचे तर अक्षरापुढे स्वल्पविराम, त्याहून वर जायचे तर अवतरणचिन्ह. स्वर दुप्पट लांब असेल तर पुढे दोनचा आकडा. विभाग तोडायला उभी रेघ, पुनरावृत्तीला विसर्गासारखे दोन ठिपके. संगणकाच्या साध्या कळफलकावर नाही असे एकही चिन्ह यात नाही. 'के'ची ओळ आपल्याला विशेष जवळची वाटेल. आयरिश धुना केवळ पाश्चात्त्य 'मेजर'मध्ये बसत नाहीत. म्हणून तेथे 'डोरियन' किंवा 'मिक्सोलिडियन' असेही लिहिता येते. हे स्वरग्राम म्हणजे स्वरांपुरते पाहिले तर आपले काफी आणि खमाज थाट.

पद्धतीचे सामर्थ्य तिच्या दारिद्र्यात होते. सगळी धून साध्या मजकुराच्या पाच-सात ओळींत मावत असल्यामुळे ती पत्रातून धाडता येई, कोणत्याही यंत्रावर उघडता येई, आणि कोणतीच आज्ञावली हाताशी नसली तरी माणसाला वाचता येई. सरावलेले वादक ती अक्षरे पाहून थेट वाजवू लागले. मग ज्यांना संगीत आणि संगणक दोन्हींचे वेड होते, अशा लोकांनी आपापल्या फावल्या वेळात तिच्याभोवती साधने रचली. जेम्स ऑलराइट यांच्या आज्ञावलीने अक्षरांचा ध्वनी करून दाखवला. पुढे पॉल रोझन आणि ग्रेगरी डाइक यांच्या 'एबीसीजेएस'मुळे न्याहाळकातच पाच रेषांचे स्वरलेखन उमटू लागले. जेरेमी कीथ या ब्रायटनच्या संकेतस्थळ-रचनाकाराने, जो स्वतः मँडोलिन वाजवतो, 'द सेशन' हे धुनांचे विदागार उभे केले आणि जगभरचे वादक त्यात भर घालत गेले. २०११ साली पद्धतीचे सविस्तर प्रमाणपत्रक निघाले. तोवर लाखो ओळी लिहून झाल्या होत्या. व्याकरण भाषेच्या मागून येते, याचा आणखी एक पुरावा.

आपल्या स्वरलिपीची तुलना येथे उद्बोधक ठरते. भातखंडे लिपी छापखान्यासाठी घडली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली बिंदू, तारसाठी वर बिंदू. हाताने लिहायला आणि खिळे जुळवायला ही चिन्हे सोपी होती. संगणकावर आल्यावर मात्र त्यांची ओळखच बदलली. तार षड्जाचा बिंदू टंकायचा तर अनुस्वार वापरावा लागतो आणि 'सां' हा स्वर आहे की शब्दाचा तुकडा हे यंत्राला कळत नाही. मंद्र निषादाखाली नुक्ता येतो: 'नि़'. कोमल गांधाराची रेघ बहुधा अक्षराखाली सजावट म्हणून ओढली जाते. मजकूर उचलून दुसरीकडे नेला की रेघ मागे राहते आणि काफीचा बिलावल होतो. युनिकोडच्या देवनागरी संचात वैदिक स्वरांची चिन्हे आहेत. त्यांतल्या अनुदात्ताची रेघ कोमल चिन्हासारखी (ग॒) आणि वरची उभी रेघ तीव्रासारखी (म॑) दिसते. ऋचांसाठी ठेवलेल्या चिन्हांतून बंदिशी लिहिता याव्यात, यात एक मौज आहे. पण ही उसनवारी झाली. सर्वांनी मानलेला, साध्या मजकुरात टिकणारा संकेत असणे ही गोष्ट वेगळी.

संहितेच्या अभ्यासकाला खरी गंमत पुढे आहे. 'द सेशन'वर एका धुनेच्या नावाखाली तिची अनेक रूपे एकाखाली एक लावलेली असतात. आपल्याकडे पाठभेद म्हटला की भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखिते ताडून एक पाठ निश्चित केला गेला आणि उरलेले तळटीपांत गेले. धुनांच्या विदागारात तळटीप नाही. तेथे कोणी संपादक मूळ पाठ ठरवत नाही, कारण मूळ म्हणावे असे काही असतेच असे नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या संग्राहकांना हा अनुभव नवा नाही; एकीची ओवी दुसरीच्या तोंडी बदलते आणि दोन्ही खऱ्या असतात. छापील पानावर जागेअभावी एक रूप निवडावे लागे. आंतरजालाने ती सक्ती काढून टाकली, आणि मौखिक परंपरेला लेखनात राहूनही अनेकवचनी राहता आले. ओ'नील यांच्या ग्रंथाने जे गोठवले होते, ते काही अंशी पुन्हा वितळले.

येथवरची कथा आनंदाची. पुढचा भाग तसा नाही. धून हा मजकूर झाला की मजकुराचे जे होते ते तिचेही होते. २०१५-१६च्या सुमारास बॉब स्टर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द सेशन'वरच्या २३,००० हून अधिक नोंदी एका संगणकीय जाळ्याला शिकवण्यासाठी वापरल्या. पुढचे चिन्ह कोणते असेल याचा अंदाज बांधत बांधत ते यंत्र नव्या धुना लिहू लागले. त्यांतल्या काही निवडून, हाताने सुधारून, वादकांनी २०१८ साली ध्वनिमुद्रितही केल्या. २०२० साली तर ओ'नील यांच्या १९०७च्या ग्रंथातल्या जिग डोळ्यांपुढे ठेवून यंत्रांकडून जिग रचून घेण्याची स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून परंपरेतलेच जाणकार बसवावे लागले.

आमचा आक्षेप यंत्राने रचना करण्याला नाही. लक्षात घ्यायचे ते असे, की या यंत्राने आयरिश संगीताचा एक स्वरही ऐकलेला नव्हता. त्याच्यापुढे फक्त अक्षरे होती. लिहिताना प्रत्येक वादकाने जे गाळले, म्हणजे झुकाव, गिरकी, श्वास, ते वाचणाऱ्याच्या कानात आहे असे गृहीत धरूनच गाळले होते. अपुऱ्या लिपीमागे एक विश्वास होता: वाचणारा आपल्यातला आहे. ज्याला कान नाही असा वाचक या लिपीला प्रथमच भेटला. आणि नोंदी करणाऱ्यांनी त्या दिल्या होत्या त्या दुसऱ्या वादकासाठी. धुना कोणाच्या मालकीच्या नाहीत हे खरे. पण त्या टंकण्याचे श्रम कोणाचे तरी होते, आणि ते प्रेमापोटी झाले होते.

मग लिहू नये का? आमच्या मते लिहावेच. ओ'नील आणि भातखंडे यांनी लिहिले नसते तर आज वाद घालायलाही काही उरले नसते. पण लिहिलेल्याजवळ दोन गोष्टी ठेवल्या पाहिजेत. एक, त्या लेखनाशेजारी ऐकण्याची सोय, म्हणजे संहिता एकटी पडणार नाही. दुसरी, ज्याच्याकडून मिळाले त्याचे नाव. एबीसी पद्धतीत उगमासाठी 'एस' या अक्षराची स्वतंत्र ओळ आहे: धून कोठून, कोणाकडून आली ते लिहायला. ती भरणे सक्तीचे नाही आणि घाईत ती रिकामी सोडली जाते. बंदिशी, ओव्या, लावण्या यांचे मजकूर आंतरजालावर चढवणाऱ्या आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी स्वरचिन्हांचा संकेत ठरवण्याआधी या एका ओळीचा संकेत ठरवावा. स्वर चुकला तर पुढचा गायक तो दुरुस्त करील. हरवलेले नाव मात्र कोणाला परत लिहिता येणार नाही.