गॅरेजमधली रेकॉर्ड आणि सहा महिन्यांची अट

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर अमेरिकन पॉप संगीतावर काय बोलणार, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतोय. तो रास्त आहे. मी संगीतज्ञ नाही. पण 'दुर्लक्षित कलावंत, पन्नास वर्षांनी सापडला' ही गोष्ट आपण वारंवार ऐकतो ना, तिच्या तर्काबद्दल मला जुनी शंका आहे. ती आज एका रेकॉर्डच्या निमित्ताने मांडतो.

रेकॉर्ड आहे १९७० सालची. गायकाचं नाव एमिट ऱ्होड्स, आणि रेकॉर्डचं नावही तेच. हा पॉवर पॉपमधला माणूस. पॉवर पॉप म्हणजे काय, तर सुरुवातीच्या बीटल्ससारखी गोड, लगेच ओठांवर बसणारी चाल, आवाजांची सुरेल जुळणी, खाली गिटार आणि ड्रमचा जोर, आणि सगळा कारभार तीनेक मिनिटांत आटोपता. हा शब्द 'द हू'च्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरला आणि तो टिकला.

ऱ्होड्सचा जन्म १९५० चा, इलिनॉय राज्यातला. वाढला मात्र कॅलिफोर्नियात, हॉथॉर्न गावात. बीच बॉईजमधले विल्सन बंधूही याच गावचे. शाळकरी वयातच तो 'द पॅलेस गार्ड' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होता. मग 'द मेरी-गो-राउंड' हा त्याचा बँड निघाला, त्यात तो गायला आणि गाणी लिहू लागला. १९६७ मध्ये त्यांचं 'लाइव्ह' हे गाणं लॉस एंजेलिसच्या रेडिओवर चांगलं गाजलं. पुढच्या वर्षी इंग्लंडात फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने आपल्या पहिल्याच रेकॉर्डची सुरुवात याच्या गाण्याने केली. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्याची गाणी अठराव्या वर्षी समुद्रापलीकडचे लोक गातात, त्याला 'कुणी ओळखलं नाही' असं म्हणायला जीभ रेटत नाही.

बँड मोडला. तेव्हा ह्या मुलाने काय केलं? आईवडिलांच्या घरातल्या गॅरेजमध्ये टेप मशीन मांडलं आणि एकट्याने रेकॉर्ड केली. ड्रम त्याचे, बास त्याचा, गिटार आणि पियानो त्याचे, मुख्य आवाज त्याचा आणि मागचे सुरेल आवाजही त्याचेच. मशीन चार ट्रॅकचं. म्हणजे टेपवर चार समांतर पट्ट्या. एक वाद्य एका पट्टीवर वाजवायचं, मग हेडफोन लावून तेच ऐकत शेजारच्या पट्टीवर दुसरं. आता जरा विचार करा. पहिलं वाद्य वाजवताना बाकीची वाद्यं कुठे आहेत? फक्त त्याच्या डोक्यात. न जन्मलेल्या साथीदारांची साथ करायची! मला हे फार विलक्षण वाटतं. आपल्याकडे गायक तबलजीकडे बघतो, तबलजी गायकाकडे बघतो. इथे बघायला कुणी नाही, गॅरेजची भिंत आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॉल मॅकार्टनीचीही अशीच, बरीचशी घरी आणि जवळपास एकट्याने केलेली रेकॉर्ड आली होती. साहजिकच तुलना झाली. पुढे 'एकट्याचे बीटल्स' हे बिरुद ऱ्होड्सला चिकटलं ते चिकटलंच. २००९ मधल्या त्याच्यावरच्या माहितीपटाचं नावसुद्धा तेच आहे.

रेकॉर्ड कशी गेली? इथेच आपल्या गोष्टीला पहिला तडा जातो. बिलबोर्डच्या यादीत ती २९ व्या क्रमांकापर्यंत पोचली. 'फ्रेश ॲज अ डेझी' हे गाणं ५४ पर्यंत गेलं. वीस वर्षांचा मुलगा, गॅरेजमधली रेकॉर्ड आणि देशात २९ वा! ह्याला दुर्लक्ष म्हणतात का?

मग बिनसलं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं किरकोळ. आधीच्या कंपनीकडे, म्हणजे ए अँड एमकडे, त्याची जुनी ध्वनिमुद्रणं पडून होती. नवं नाव होतंय हे बघून त्यांनी त्याच सुमारास 'द अमेरिकन ड्रीम' नावाने ती बाजारात आणली. एकाच गायकाच्या दोन रेकॉर्ड दुकानात. घेणाऱ्याने नवी कुठली समजायची?

दुसरं मात्र मुळावरचं. नव्या कंपनीशी, एबीसी-डनहिलशी, केलेल्या करारात दर सहा महिन्यांनी एक रेकॉर्ड द्यायची अट होती. तीन वर्षांत सहा. ही अपेक्षा वेडगळ होती असं नाही. १९६३ ते ६५ ह्या काळात बीटल्सनी इंग्लंडात वर्षाला दोन रेकॉर्ड दिल्याच होत्या. पण ते चौघे होते, पाठीशी जॉर्ज मार्टिन होते, स्टुडिओ होता, तंत्रज्ञ होते. इथे चौघांचं काम एक जण करत होता आणि करार मात्र जणू चौघांशी केलेला. 'एकट्याचे बीटल्स' हे कौतुक करारात अक्षरशः वसूल करायचं ठरलं, असंच म्हणा ना.

दुसरी रेकॉर्ड 'मिरर' आली १९७१ मध्ये. सहा महिन्यांत नाहीच. कंपनीने अडीच लाख डॉलरचा दावा लावला आणि रॉयल्टी रोखली. तिसरी, 'फेअरवेल टू पॅरडाइज', १९७३ ची. तेविसाव्या वर्षी हा माणूस थांबला. पुढे त्याने दुसऱ्यांच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण करायची नोकरी केली.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ ह्यांचं एक साधं निरीक्षण इथे आठवतं. पाण्यात साखर टाकली तर ती विरघळेपर्यंत मला थांबावंच लागतं, घाई असली तरी. हा वेळ गणितातला नव्हे, त्या वस्तूचा स्वतःचा. ऱ्होड्सच्या पद्धतीत एका गाण्याला लागणारा वेळ असाच होता. (माझा पीएचडीचा प्रबंध नऊ वर्षं विरघळत होता. आमचे मार्गदर्शक सज्जन, त्यांनी कधी कॅलेंडर दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी आज तुमच्यापुढे नसतो.)

आता कुणी विचारेल, सही त्यानेच केली ना? केली. विसाव्या वर्षी केली. आणि दावा नसता तर त्याने अजून दहा रेकॉर्ड केल्या असत्या, हेही मी सिद्ध करू शकत नाही. पुढे मुलाखतींत तो थकून गेल्याचं सांगे. त्या थकव्याला केवळ कंपनी जबाबदार होती की एकट्यानेच सगळं करण्याचा हट्टही, ह्याचा निवाडा आपण बाहेरून करू नये. माझं म्हणणं एवढंच आहे की 'श्रोत्यांना त्याची किंमत कळली नाही' ही गोष्ट सगळ्यांना सोयीची आहे. तिच्यात करार अदृश्य होतो. आणि आपण, उशिरा आलेले, जाणकार ठरतो!

सापडण्याचंही तसंच. तो कुणाला सापडायचा राहिला होता? १९७१ मध्ये लिंडा रॉनस्टॅटने त्याचं गाणं गायलं. १९८४ मध्ये 'द बँगल्स'नी 'लाइव्ह' आपल्या रेकॉर्डवर घेतलं. गाणाऱ्यांना तो कायम ठाऊक होता. २००१ मध्ये वेस अँडरसनने 'द रॉयल टेननबॉम्स' ह्या चित्रपटात त्याचं 'ललबाय' वापरलं आणि नव्या पिढीने नाव शोधायला सुरुवात केली, इतकंच.

२०१६ मध्ये ऱ्होड्सची नवी रेकॉर्ड आली, 'रेनबो एंड्स'. मधे ४३ वर्षं. ख्रिस प्राइस ह्या तरुण संगीतकाराने ती घडवून आणली. आणि बघा, ह्या वेळी ऱ्होड्स एकटा नव्हता. साथीला बरीच मंडळी होती, त्यांत सुझाना हॉफ्सही, म्हणजे ज्या बँगल्सनी १९८४ मध्ये त्याचं गाणं गायलं त्यांतलीच एक. २०२० च्या जुलैमध्ये, सत्तराव्या वर्षी, हॉथॉर्नमध्येच तो गेला.

'ललबाय' हे गाणं पहिल्या रेकॉर्डवरचं. जेमतेम मिनिटभराचं आहे. ध्वनियंत्रणेवर बसलेल्या आमच्या मित्रांना विनंती, ते आता लावा. ते संपलं की लगेच टाळ्या वाजवू नका, पुढचं 'फ्रेश ॲज अ डेझी' पण ऐकू. ड्रमकडे लक्ष ठेवा. वाजवणारा तोच आहे.