अडीचकी गेली, अडीच राहिलं

वाशिम जिल्ह्यातल्या केनवडचा एखादा सातबारा डोळ्यांपुढे आणा. समजा त्यावर क्षेत्र आहे १ हेक्टर ६० आर. बोलताना मात्र तेच वावर ‘चार एकर’ होतं. हिशोब सोपा आहे, हेक्टरला अडीचनं गुणायचं. नेमका गुणक २.४७ आहे, त्यामुळे खरी जमीन चार एकरांना जवळपास दोन गुंठे कमी भरते. गप्पांमध्ये हे खपून जातं, खरेदीखतात नाही.

अडीचनं गुणणं पूर्वी शाळेत वेगळं शिकवत. त्या पाढ्याला अडीचकी म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पंतोजी मुलांकडून पाठ करून घेत.

याला घोकंपट्टी म्हणून आपण पुढे निघून जातो. संशोधन करायचं असेल तर इथं थांबा आणि विचारा, नेमके हेच अपूर्णांक का?

उत्तर बाजारात सापडतं. रुपयाचे आणे १६, शेराचे छटाक १६. सगळं पाव-अर्ध्यात तुटणारं. सव्वा रुपया शेर भावानं अडीच शेर माल घेतला, तर किंमत ३ रुपये २ आणे. बरोब्बर! १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले. आता तोच हिशोब ३ रुपये साडेबारा नये पैसे, आणि अर्ध्या पैशाचं नाणंच नाही. पुढे शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. पाढ्यांखालची जमीनच सरकली. मुलं आळशी झाली म्हणून पाढे गेले, हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरं आहे.

व्यवहारातून गणित शिकवण्याची ओढही आजची नाही. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ साधारण ११५० सालची. तीसुद्धा सुरुवातीलाच नाणी, वजनं आणि मापांची कोष्टकं देते. आधी व्यवहार, मग गणित.

यातून तुमच्यासाठी कामाची गोष्ट अशी. तोंडी विद्येचा इतिहास फक्त पाठ्यपुस्तकांत शोधू नका. नाणी बघा, मापं बघा, जमिनीचे कागद बघा, आणि शब्द ऐका. ‘औट घटकेचं राज्य’ आपण सहज म्हणतो, पण औट म्हणजे साडेतीन हे किती जणांना ठाऊक असतं? साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटं. पाढा विसरला गेला, त्याचा ठसा भाषेत उरला.

आणि शिक्षक व्हायचं असेल, तर जुने पाढे जसेच्या तसे परत आणायची गरज नाही. मुलांच्या घरात आज कोणता हिशोब होतो ते आधी विचारा. केनवडच्या वर्गात तो हेक्टर-एकरचा असेल, सोयाबीनच्या क्विंटलच्या भावाचा असेल. अडीच कुठं चालतं आणि २.४७ कुठं लागतं, हे ज्या मुलीला कळलं तिच्या घरचे दोन गुंठे कागदावर चुकणार नाहीत.