परत येण्याची हमी

युरोपात पंधरा दिवसांसाठी जायचे असले, तरी अर्जासोबत जोडायच्या कागदांची थप्पी जमीनखरेदीच्या फाइलइतकी होते. बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रे, रजा मंजूर झाल्याचे पत्र, परतीच्या विमानाचे आरक्षण, यजमानाचे निमंत्रण, प्रवासविमा. तिथे जाऊन आपण काय पाहणार, याचे अर्जाला फारसे सोयरसुतक नसते. बहुतेक कागद एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी मागितलेले असतात: तुम्ही परत येणार ना? गेली काही वर्षे मी प्रवासाच्या परवान्यांचा इतिहास वाचते आहे. व्हिसा म्हणजे मूळ लॅटिन अर्थाने ‘पाहिलेला’, म्हणजे तपासलेला कागद. पण परतीचा हा प्रश्न त्या कागदाहून जुना आहे. विचारणारे मात्र बदलत गेले.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता. तो कुणाजवळच नसे. अमेरिकेने आदल्या वर्षी चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने प्रत्येक परदेशी उतारूमागे ५० सेंटचा कर बसवला आणि स्वतःचा भार स्वतः उचलू न शकणाऱ्याला किनाऱ्यावर उतरू द्यायचे नाही, असे ठरवले. बँकेचा उतारा मागण्याचे मूळ मला या कलमात दिसते. आनंदीबाईंना त्याची झळ लागली नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंचे घर त्यांची वाट पाहत होते, आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

त्यांची खरी चौकशी निघण्यापूर्वी झाली, आणि ती आपल्याच माणसांनी केली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जे भाषण केले, ते वाचताना मला प्रत्येक वेळी वकिलातीतली मुलाखत आठवते. का जाता, इथे राहून शिकता येत नाही का, एकट्या कशा जाता, बाटून आलात तर काय. अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या त्या मुलीने एकेका प्रश्नाला क्रमाने उत्तर दिले आणि शेवटी हमी दिली, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच इथे येऊन राहीन. बाहेर जाण्याची परवानगी परतीच्या वचनावर मिळते, हा व्यवहार आपल्या समाजाला सरकारी शिक्क्यांच्या आधीपासून ठाऊक होता.

सरकारने तो प्रश्न हाती घेतला, तेव्हा तो अधिक चतुर भाषेत विचारला गेला. १९०८ मध्ये कॅनडाने नियम केला, की स्थलांतरिताने आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून सलग प्रवास करून, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर यायला हवे. त्यात हिंदुस्थानचे नाव कुठेही नव्हते. नाव घालणे अडचणीचे होते. हिंदी माणूसही त्याच बादशहाचा प्रजाजन होता. पण हिंदुस्थानातून थेट येणारी बोट नसली की काम होत होते. शिवाय आशियाई माणसाने उतरताना २०० डॉलर दाखवायचे. गुरदित सिंग यांनी १९१४ मध्ये हाँगकाँगहून नेलेल्या ‘कोमागाटा मारू’ जहाजावर ३७६ प्रवासी होते. २३ मे रोजी ते व्हँकुव्हरला पोहोचले, दोन महिने बंदरात अडकून पडले, मोजक्या २४ जणांना उतरता आले आणि २३ जुलैला जहाज परत धाडले गेले. कलकत्त्याजवळ बजबज येथे २९ सप्टेंबरला त्यांच्यावर गोळीबार झाला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये.

राधिका मोंगिया यांनी या काळाच्या सरकारी पत्रव्यवहारावर महत्त्वाचे काम केले आहे. हिंदी माणसांना वंशाचे नाव न घेता कसे अडवायचे, या खलातूनच हिंदुस्थानातल्या पासपोर्टला आकार आला, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. ते मला पटते. पासपोर्ट म्हणजे प्रवाशाला मिळालेले संरक्षण, असे आपण पुस्तिकेच्या पहिल्या पानावरची विनंती वाचून समजतो. आपल्याकडे तो आधी दार म्हणून आला. महायुद्धात, १९१७ मध्ये, भारत संरक्षण कायद्याखाली समुद्रमार्गे ये-जा करणाऱ्यांना तो सक्तीचा झाला. युद्ध संपले तरी सक्ती संपली नाही. १९२० च्या कायद्याने देशात येणाऱ्यांसाठी ती कायम झाली. तो कायदा २०२५ पर्यंत आपल्याकडे लागू होता.

सक्ती झाल्यावर वर्षभरातच या दारावर एक बडे मराठी नाव अडले. १९१८ च्या वसंतात लोकमान्य टिळक स्वराज्याची मागणी इंग्लंडच्या जनतेपुढे मांडण्यासाठी निघाले. बरोबर न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे, बिपिनचंद्र पाल अशी मंडळी होती. पासपोर्ट मिळालेले होते. मंडळी कोलंबोला पोहोचली आणि तिथे लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाच्या हुकमाने ते रद्द झाल्याचे कळले. सगळ्यांना माघारी यावे लागले.

पण त्याच टिळकांना त्याच इंग्लंडला जाण्याचे दुसरेही कारण होते. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकातल्या मजकुराबद्दल त्यांनी लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. फिर्यादीला स्वतःच्या दाव्यासाठी येऊ न देणे ब्रिटिश न्यायाला शोभले नसते. त्यामुळे खटल्यापुरती परवानगी मिळाली, राजकीय चळवळ करणार नाही या अटीवर. सप्टेंबर १९१८ मध्ये ते मुंबईहून निघाले. त्या डिसेंबरच्या दिल्ली काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना मिळालेले असूनही ते तिथे राहू शकले नाहीत. मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले. दावा फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक हरले. राजकारणावरचे बंधन मात्र पुढे सैल झाले आणि ज्या कामासाठी कोलंबोहून परतावे लागले होते, ते त्यांनी लंडनमध्ये बसून केले.

टिळकचरित्रात हा प्रसंग राजकारणाचा म्हणून येतो. मला त्यात आजच्या अर्जातला एक रकाना दिसतो: प्रवासाचा हेतू. माणूस तोच आणि शहरही तेच, पण एका हेतूला दार बंद झाले आणि दुसऱ्याला अर्धे उघडले. दिलेल्या हेतूपलीकडे काही करायचे नाही, ही अटही तेव्हापासूनची ओळखीची.

युद्धानंतर हे सगळे जाईल, अशी खरोखरच अपेक्षा होती. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला भरवलेल्या परिषदेत, युद्धापूर्वीच्या मोकळ्या प्रवासाकडे हळूहळू परतावे, असे म्हटले गेले. तोवरची सोय म्हणून ३२ पानी पुस्तिकेचा नमुना आणि व्हिसासाठी जास्तीत जास्त १० सुवर्ण फ्रँक शुल्क ठरले. आज आपल्या हातात आहे ती त्या तात्पुरत्या सोयीचीच वंशज.

स्वातंत्र्यानंतर काही काळ चित्र उलटे होते. ब्रिटनला पाहुणा म्हणून जायला भारतीयाला व्हिसा लागत नसे. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) त्याच काळातली. अडचण इथल्या बाजूला होती. पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी, आणि परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’. साठच्या दशकात खिशात ८ डॉलर घेऊन निघालेल्यांच्या हकिकती कित्येक घरांत आहेत. सतवंत सिंग सॉनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये परदेशप्रवास हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग ठरवला, म्हणून त्याच वर्षी पासपोर्ट कायदा करावा लागला. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने तो हक्क आणखी भक्कम झाला. देश सोडण्याचा हक्क असा आपल्याला पक्का मिळत गेला. दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क मात्र कोणतेच न्यायालय देऊ शकत नव्हते, आणि त्याच सुमारास समोरची दारे लागू लागली. पश्चिम जर्मनीने १९८० मध्ये भारतीयांना व्हिसा लावला, ब्रिटनने १९८६ मध्ये. १९८५ च्या जूनमध्ये लक्झेंबर्गच्या शेंगेन गावाशी मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी आपापसातल्या सीमा उठवण्याचा करार केला होता. १९९५ पासून तो अमलात आला. आतल्या भिंती पडल्या, तशी बाहेरची एकच उंच भिंत झाली.

आज शेंगेनचा व्हिसा २००९ च्या संहितेनुसार मिळतो. १८० दिवसांत ९० दिवस, विमा किमान ३०,००० युरोंचा, शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, नकार आला तरी ते परत नाही. अर्जदार मुदतीपूर्वी परतण्याचा इरादा बाळगतो का, हे खास तपासावे, असे संहितेतच लिहिले आहे. त्याबद्दल वाजवी शंका आली, तर नकाराच्या छापील नमुन्यातल्या त्या चौकटीत खूण होते.

अशी खूण केलेला कागद तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या एका काकू घेऊन आल्या. वय ६४, पतीच्या पश्चात निवृत्तिवेतन. मुलीचे बाळंतपण करायला सहा आठवडे जायचे होते. फ्लॅट मुलाच्या नावावर. अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने सातबारा आहे का विचारले होते. जमीन होती, पण माहेरची, आणि तिच्यावर त्यांनी भावांच्या बाजूने हक्कसोड करून दिले होते. तेव्हा कागदावर त्यांना इकडे बांधून ठेवणारे काहीच नव्हते, आणि तिकडे ओढणारी मुलगी मात्र अर्जात ठळक होती. ज्या नात्यासाठी जायचे, तेच नाते परत न येण्याचा पुरावा ठरले. “अहो, माझं तुळशीचं लग्न, माझी भिशी, सगळं इथे आहे. ते कुठे लिहायचं?” असे त्यांनी मला विचारले.

आम्ही दुसरा अर्ज केला. मुलाने फ्लॅटवर आईचे नाव लावून घेतले, मुदतठेवींच्या पावत्या जोडल्या, परतीची तारीख सांगणारे स्वतंत्र पत्र मी लिहून दिले. ते लिहिताना सेरामपूरचे भाषण माझ्या टेबलावर होते, हा निव्वळ योगायोग; मी तेव्हा त्याच्यावरच काम करत होते. व्हिसा आला तेव्हा नात चार महिन्यांची झाली होती. काकू सव्वीस दिवस राहून आल्या.

एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडा बदलला आहे. तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नीट वापरले असतील, म्हणजे दोनदा मुदतीत परत येऊन दाखवले असेल, तर दोन वर्षांचा, आणि पुढे पाच वर्षांचाही व्हिसा मिळू शकतो. काकूंचा पासपोर्ट आता संपत आला आहे. नवा काढला तरी जुना टाकू नका, त्यातले जाण्यायेण्याचे शिक्के जपून ठेवा, असे मी त्यांना सांगितले आहे. त्यांनी तो सोन्याच्या पावत्यांबरोबर कपाटात ठेवला आहे.