देवघरातला समुद्र

परवा जुन्या जालन्यातल्या आमच्या वाड्याची शेवटची आवराआवर झाली. भांडी, पाट, फडताळं यांची वाटणी तासाभरात आटोपली. अडलं ते देवघरापाशी. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा यांना घरं मिळाली. शाळिग्राम मात्र कोणी घेईना. त्याचं सोवळं-ओवळं फ्लॅटमध्ये कोण सांभाळणार? "कुंडलिकेत सोडून देऊ," काका म्हणाले. मला एकदम कसंतरीच झालं.

हा शाळिग्राम पणजोबांनी काशीयात्रेहून आणला असं घरात सांगतात. आवळ्याएवढा, काळा कुळकुळीत, एका बाजूला फट. फटीतून आतलं चक्र दिसतं. वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून ते चक्र करतो, असं आजी सांगायची.

पुढे कॉलेजात भूशास्त्राच्या पुस्तकात अमोनाइटचं चित्र पाहिलं आणि ओळख पटली. अमोनाइट म्हणजे ऑक्टोपस आणि माकूळ यांचा समुद्रातला नातलग. गुंडाळीसारखा शंख, त्यात कप्पे. शेवटच्या कप्प्यात प्राणी राहायचा, बाकीच्यांतल्या हवेवर तरंगायचा. मेल्यावर शंख तळाच्या चिखलात रुतला, भोवती चिखल घट्ट झाला आणि त्याचा गोटा बनला. नेपाळात मुक्तिनाथ, दामोदर कुंडाच्या बाजूला अशा गोट्यांचे काळे थर आहेत, साधारण १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे डायनासोरांचा काळ. तेव्हा तिथे हिमालय नव्हता, टेथिस समुद्र होता. भारताचा भूखंड आशियाला भिडला, समुद्राचा तळ आभाळात गेला आणि आता काळी गंडकी त्यातले गोटे खाली वाहून आणते.

तसाच काळा खडक स्पितीच्या खोऱ्यातही आहे. तिथे १८६० च्या दशकात फर्डिनांड स्टोलिच्का फिरले. तिथल्या जीवाश्मांवर व्हिक्टर उलिग यांचा मोठा ग्रंथ १९०३ ते १९१० या काळात कलकत्त्याहून निघाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपले यात्रेकरू हेच जीवाश्म वळकटीत बांधून घरी आणत होते. संग्रहालयात त्यांच्यावर नंबर पडला, आपल्याकडे तुळशीचं पान.

आपल्या जालना जिल्ह्यात मात्र असा जीवाश्म शोधून सापडायचा नाही. इथे कुठेही विहीर खणा, काळा दगड लागतो. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अमोनाइट संपले तेही त्याच सुमारास, डायनासोरांबरोबर. मेक्सिकोपाशी आदळलेला लघुग्रह हे त्याचं मुख्य कारण मानतात. लाव्हाचा त्यात वाटा किती, यावर अजून वाद आहे. आमच्या वाड्याचं जोतं त्याच काळ्या दगडाचं. म्हणजे ज्या काळात अमोनाइट संपले त्या काळातल्या दगडावर एक अमोनाइट इतकी वर्षं रोज आंघोळ करत बसला होता!

कॉलेजात असताना हे सगळं मी मोठ्या ऐटीत आजीला सांगितलं होतं. "आजी, हा देव नाही गं, प्राणी आहे." तिने गंध उगाळणं थांबवलं नाही. म्हणाली, "मग? आम्ही तरी किडाच म्हणत होतो की. जीव होता एवढं आम्हालाही ठाऊक होतं." मी गप्प बसलो.

असो. तर शाळिग्राम मी घेऊन आलो. सोवळं जमणार नाही, पण रोज पाणी आणि तुळशीचं पान जमेल. एक खंत आहे. जीवाश्म गोळा करणारे म्हणतात, कुठून आणला याची चिठ्ठी नसेल तर नमुना मुका. पणजोबा कोणत्या साली गेले, कोणाकडून घेतला, हे विचारायला आता कोणी उरलं नाही. जेवढं ठाऊक होतं तेवढं एका कागदावर लिहून संपुष्टात ठेवलंय.

तुमच्याकडे असेल तर फटीतून आत एकदा नीट बघा. आणि तो कोणी आणला हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.