नव्या डिझेल गाडीने निराशा केली? बेगम बाजारच्या गल्लीतलं कारण आणि पुढचे मार्ग

हैदराबादचा बेगम बाजार नांदेड, देगलूर, उदगीर, बिदरच्या दुकानदारांना नवा नाही. भांडी, किराणा, मसाले, सुका मेवा घाऊक भावात घ्यायचा तर पावलं निजामाच्या काळापासून इकडेच वळतात. मालासोबत इथून सल्लेही घरी येतात. त्यातला एक म्हणजे, "डिझेल घ्या, ॲव्हरेज देते." तो ऐकून दहा-बारा लाख घालून गाडी दारात येते आणि तीन महिन्यांत मन खट्टू होतं. ॲव्हरेज सांगितल्याइतकं नाही, आवाज जास्त आणि समोर कसलासा पिवळा दिवा लागलेला. वर येणारा-जाणारा विचारतो, "काय देते हो?"

सल्ला खोटा नव्हता, जुना होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि पेट्रोलशी असलेला मोठा फरक आटला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी बसली. खरी गोम इथेच आहे.

ही जाळी भरली की गाडी ती काजळी आतच जाळते. त्यासाठी सुमारे ६०० अंश उष्णता लागते आणि ती सलग, बऱ्या वेगाने पळाल्यावरच मिळते. आता बेगम बाजार डोळ्यांपुढे आणा. हातगाड्या, हमाल, मधेच उभा टेम्पो, एका गल्लीतून बाहेर पडायला अर्धा तास. घर ते दुकान चार किलोमीटर, इंजिन नीट तापायच्या आत बंद. काजळी जळायला सुरुवात होते आणि अर्धवट राहते. दरवेळी त्यासाठी जादा डिझेल खर्च होतं, त्यातलं थोडं इंजिन ऑइलमध्येही उतरतं. म्हणून ॲव्हरेज पडतं आणि कधी ऑइलची पातळी उलट वाढलेली दिसते.

दिवा लागला म्हणजे गाडी बिघडलीच असं नाही. गाडीसोबतच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर, बहुतेक गाड्यांना साधारण ६०च्या पुढच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग चालवली की तो जातो. हैदराबादकरांनी आउटर रिंग रोड गाठावा. देगलूर-नांदेडकडे जाणाऱ्यांना संगारेड्डीपासून राष्ट्रीय महामार्ग १६१ आहेच. दिव्याकडे महिनाभर दुर्लक्ष केलं तर मात्र गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी जाळी बदलायचा मोठा खर्च येतो. "काढून टाकतो साहेब, कटकट मिटेल" म्हणणारा मेकॅनिक भेटला तर हात जोडावेत. वॉरंटी जाते आणि ते नियमबाह्यही आहे.

ॲव्हरेजचंही तसंच. कागदावरचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असं तीनदा मोजावं, स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नये.

मग गाडी ठेवावी की विकावी? हिशोब मांडून बघा. समजा डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा दीड लाखाने महाग पडली. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १४, डिझेल ९३ रुपये आणि ॲव्हरेज १८ धरलं तर किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ३३ पैसे वाचतात. दीड लाख वसूल व्हायला ६४ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला अडीच हजार किलोमीटर फिरणाऱ्याला दोन वर्षं, पाचशे फिरणाऱ्याला जवळपास अकरा. मात्र विकायला गेलं तर नव्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षी सगळ्यात जास्त पडते, तो तोटाही यात धरावा. भाऊ-मेहुण्यांपैकी कुणी रोज हायवेवर असेल तर गाड्यांची अदलाबदल हा आपल्याकडचा चांगला तोडगा आहे. राज्य बदलत असेल तर आरटीओची एनओसी, नावबदल आणि विमा मात्र सोडू नये.

मनाचं म्हणाल तर ही रुखरुख एकट्याची नाही. १९५७ साली अमेरिकेत नव्या गाडीवाल्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की लोक गाडी घेतल्यावरही त्याच गाडीच्या जाहिराती जास्त वाचतात. आपण बरोबरच केलं हे मनाला पटवायचं असतं. म्हणून घेतल्यावर रोज दुसऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघणं बंद केलेलं बरं. आणि घरात सरळ सांगावं, "आपला वापर कमी, डिझेल नको होतं." लपवलं की हप्ता भरताना दर महिन्याला तेच टोचतं.

आवाज आणि ॲव्हरेज वेगळे, खरा दोष वेगळा. तोच बिघाड परत परत येत असेल तर प्रत्येक वेळी जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि प्रत जपावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात. म्हणजे गाडी हैदराबादला घेतली तरी नांदेड किंवा बिदरच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. व्यापाऱ्यांची अडचण एकच. बिल दुकानाच्या नावाने असेल तर "हा व्यावसायिक वापर" असा आक्षेप हमखास येतो. अख्खी गाडी बदलून मिळणंही सोपं नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ साली एका प्रकरणात वॉरंटीच्या अटींनुसार सदोष भाग बदलण्यापुरतीच कंपनीची जबाबदारी धरली होती. वकिलाकडे जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.