गर्भाचें पहिलें अंग कोणतें? एक जुना वाद व त्याचा नवा पुरावा

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस एक वाद नमूद केलेला आहे. गर्भाचें कोणतें अंग प्रथम उत्पन्न होतें, हा त्याचा विषय. शौनक म्हणतो शिर, कारण इंद्रियांचें मूळ तेथें. कृतवीर्य म्हणतो हृदय, कारण बुद्धि व मन यांचें तें स्थान. पाराशर्य नाभि पुढें करितो, मार्कंडेय हातपाय, सुभूति गौतम मध्यशरीर. धन्वंतरि या सर्वांस बाजूस सारून निर्णय देतो कीं, सर्व अंगें एकदमच होतात. तीं दिसत नाहींत याचें कारण त्यांची सूक्ष्मता. पिकल्या आंब्यांत गर, कोय, रेषा हीं निरनिराळीं दिसतात, कोंवळ्या कैरींत दिसत नाहींत. म्हणून तीं तेथें नाहींत असें म्हणतां येत नाहीं.

चरकसंहितेंतहि (शारीर, अध्याय सहावा) हाच वाद आहे. नांवें बहुतेक वेगळीं आहेत, निर्णय मात्र तोच. पण चरकांत एक मत असें आहे कीं त्याचा उल्लेख सुश्रुतांत नाहीं. मारीचि काश्यप म्हणतो, ही गोष्ट परोक्ष आहे, म्हणून ती अचिंत्य आहे. टीकाकारांनीं या मतास फारसा मान दिलेला दिसत नाहीं, व वादांतहि तें एका ओळींत आटोपतें. आमच्या मतें सर्व पक्षांत प्रामाणिक पक्ष हाच होय.

पेणेस गणपतीच्या कारखान्यांत उभें राहिल्यास हा वाद डोळ्यांपुढें येतो. साच्यांतून जी मूर्ति निघते तिचीं सर्व अंगें एकदम बाहेर पडतात; ती धन्वंतरीची मूर्ति. हातानें शाडू घडविणारा कारागीर आधीं बैठक व धड उभें करितो, मग पुढचें. गर्भ साच्यांतून निघतो कीं हातानें घडतो, एवढाच सगळा प्रश्न आहे.

पहिला भरंवशाचा पुरावा जपून ठेवलेल्या मानवी गर्भांचे पातळ छेद पाहून मिळाला. बाल्टिमोर येथें कार्नेगी संस्थेनें १९१४ पासून फ्रँकलिन मॉल यांच्या हाताखालीं असा संग्रह वाढविला. त्यावरून क्रम असा ठरला: तिसऱ्या आठवड्यांत पाठीच्या बाजूस मज्जेचा पट्टा जाड होतो, बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय धडधडूं लागतें, पट्ट्याच्या कडा वर उचलून एकमेकींस मिळतात व चौथ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत नळी बंद होते. मेंदू हा त्या नळीच्या पुढच्या टोकाचा फुगवटा. म्हणजे आकार पहिला शौनकाच्या बाजूचा, काम पहिलें कृतवीर्याच्या बाजूचें. धन्वंतरीचा पक्ष मात्र टिकत नाहीं. कैरींत कोय असते, पण गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत मेंदू नसतो, सूक्ष्म रूपानेंहि नसतो.

तरी छेद म्हणजे मेलेल्या वस्तूचें चित्र. कडा कां उचलल्या, पेशींस मेंदूच व्हावयाचें हें कोणीं सांगितलें, हें त्यांत दिसत नाहीं. प्रत्येक पेशींत आनुवंशिक मजकूर तोच असतो. एकच पोथी सर्वांच्या घरीं आहे, पण कोण कोणतें पान वाचतो यावर घर ठरतें. कोणतें पान वाचलें गेलें हें त्या पेशींतील प्रथिनांवरून कळतें, म्हणून शोध प्रथिनांचा करावा लागतो.

या कामांतील एक महत्त्वाचें पाऊल आपल्या जवळच, मुंबईच्या कुलाब्यास पडलें. (आमचा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा याच नांवानें ओळखला जात असे, तें नांव अलिबागेसमोरील किल्ल्याचें. वाचकांनीं घोटाळा करूं नये.) तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. शुभा तोळे १९९९ पासून मेंदूच्या घडणीचा अभ्यास करीत आहेत. २००८ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेनें सहकाऱ्यांसह उंदराच्या गर्भावर केलेलें काम प्रसिद्ध झालें. एल-एच-एक्स-२ नांवाचें एक प्रथिन पेशींच्या केंद्रांत बसून कोणतीं पानें उघडावीं हें ठरवितें. ज्या पेशींत तें नव्हतें त्यांनीं मोठ्या मेंदूचें कवच होणें सोडलें. आंतील अंगाच्या पेशी कांठाच्या पेशी झाल्या, आणि त्या कांठानें आपल्या शेजाऱ्यांकडून स्मरणाशीं संबंध असलेला भाग, हिप्पोकँपस, नको त्या जागीं उठवून घेतला. शिवाय या प्रथिनाची सत्ता फार लवकरच्या थोड्या काळापुरतीच, मूलपेशींचा थर असेतोंपर्यंत चालते. या संशोधनाकरितां त्यांस २०१४ चें इन्फोसिस पारितोषिक मिळालें.

परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. मनुष्यगर्भाच्या बाबतींत काश्यपाचा आक्षेप आतां कायद्यानेंहि उभा आहे. प्रयोगशाळेंत मानवी गर्भ चौदा दिवसांपलीकडे वाढवूं नये असा दंडक भारतांतील २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतहि आहे. आणि मेंदूचा आरंभ तर त्यानंतरचा. पाहावयाची वस्तु बरोबर पडद्याआड राहते. पडद्यास हात न लावतां पलीकडचें पाहण्याचा उपाय मूलपेशींनीं दिला. १९९८ सालीं विस्कॉन्सिन येथें जेम्स थॉमसन यांनीं मानवी गर्भाच्या मूलपेशी वाढविल्या; २००७ सालीं क्योतोचे शिन्या यामानाका यांनीं प्रौढ माणसाच्या त्वचेच्या पेशी मागें नेऊन तशाच करून दाखविल्या. २०१३ सालीं व्हिएन्ना येथें मॅडेलिन लँकॅस्टर व युर्गेन नोब्लिख यांनीं अशा पेशींपासून मेंदूच्या आरंभींच्या रचनेसारखे वाटाण्याएवढे गोळे तयार केले. जन्मतः डोकें लहान असलेल्या एका रुग्णाच्या पेशींपासून केलेले गोळे लहान राहिले. कारण पेशींच्या विभागणीस लागणारें एक प्रथिन त्यांत जवळजवळ नव्हतें. तें परत घातल्यावर स्थिति कांहीं अंशीं सुधारली. हा गोळा मेंदू नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्यांत रक्तवाहिन्या नसतात व तो विचार करीत नाहीं. तो मूळ ग्रंथ नसून एका अध्यायाची प्रत होय.

मुंबईंत या विद्येची परंपरा परळची आहे. डॉ. कमल रणदिवे यांनीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत ऊतिसंवर्धनाची देशांतील पहिली प्रयोगशाळा उभारिली. १९८६ सालीं के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हस्तें नलिकागर्भाचें बालक जन्मास आलें. पुढें परळच्याच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेंत तयार झालेल्या किंड-१ व किंड-२ या दोन मानवी मूलपेशींच्या मालिकांची माहिती २००९ सालीं प्रसिद्ध झाली.

मालिका हा शब्द पोथ्या जमविणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावा. पेशीची मालिका ही नकलेवरून नक्कल अशीच चालते, आणि नकलनविसाचे दोष तींतहि शिरतात. विसाव्या रंगसूत्राचा एक ठराविक तुकडा दोनदां लिहिला जातो, व अशी चुकलेली प्रत जोरानें वाढून शुद्ध प्रतीस मागें टाकिते. ही चूक जगांतील अनेक मालिकांत स्वतंत्रपणें आढळली आहे. प्रक्षेपहि होतात. १९५१ सालच्या हेला नांवाच्या कर्करोगाच्या पेशी दुसऱ्या मालिकांत मिसळून त्यांच्या नांवावर खपत होत्या, हें १९६६ सालीं स्टॅन्ली गार्टलर यांनीं उघड केलें. प्रत कोठची, कोणीं केली, कितव्या पिढीची, हें न विचारतां पुरावा घेऊं नये, हा आमचा नियम तेथें आतां नव्यानें शिकला जात आहे.

तोच नियम आपल्याकडे सैल झालेला पाहून वाईट वाटतें. २०१९ च्या जानेवारींत जालंदर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्यें एका कुलगुरूंनीं कौरवांचा जन्म मूलपेशींच्या तंत्रानें झाला असें विधान केलें. आदिपर्वांतील तुपाच्या कुंभांची कथा कथा म्हणून सुंदर आहे. तिला प्रयोगशाळेचें दप्तर समजणें म्हणजे बखरीस अस्सल पत्र समजण्यासारखें होय. पूर्वजांचा खरा मान त्यांच्या वादांत आहे. सात-आठ पक्ष नांवानिशीं मांडून, एकास 'आम्हांस दिसत नाहीं' असें म्हणूं देणारी सभा अन्यत्र क्वचितच आढळेल.

राहतां राहिली पोथ्यांची गोष्ट. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं सुश्रुताची व १९४१ सालीं चरकाची यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं शोधलेली आवृत्ति छापली. छापील पाठ सुलभ झाल्यावर हस्तलिखितांकडे लक्ष कमी झालें. पण छापील प्रतींत समास नसतो, आणि वैद्य जें खरें मानीत तें समासांत लिहीत. पेण, रोहें व पनवेल या भागांत वैद्यकी करणाऱ्या घराण्यांच्या रुमालांत शारीरस्थानाची पोथी असल्यास वर सांगितलेल्या दोन स्थळांचीं पानें आधीं उघडावीं. शौनकाच्या बाजूनें कीं कृतवीर्याच्या, कोणीं रेघ ओढली आहे काय, काश्यपाच्या ओळीपुढें कांहीं लिहिलें आहे काय, हें पाहून त्या दोन पानांची छायाचित्रें मंडळाकडे पाठवावीं. पोथी पाठविण्याची जरुरी नाहीं. कोंकणांतील पावसाळा व वाळवी कोणासाठीं थांबत नाहींत, म्हणून हें काम जूनपूर्वीं व्हावें.